कात्र्यांची पेटी आणि ऱ्हाईनकाठचा कार्निवल

मंगळवार : बर्लिन

शिलाईकामाच्या कात्र्या घडवणे हा आमचा घरचा धंदा आहे. पोलाद, डाय, धार आणि दोन पात्यांची जुळणी ही बाबांची बाजू. पत्रव्यवहार, निर्यातीची कागदपत्रे आणि हिशेब माझ्याकडे. जर्मनीत आमची दोन कामे होती. ड्युसेलडॉर्फच्या एका आयातदाराला नमुने दाखवून पहिली मागणी मिळवायची होती, आणि झोलिंगेनमधील एका बंद पडलेल्या कारखान्यातले धार लावण्याचे जुने यंत्र पाहून, पसंत पडल्यास, विकत घ्यायचे होते. बर्लिनमधील शिलाई-साहित्याच्या एका ठोक व्यापाऱ्याची भेटही साधता येत होती, म्हणून आम्ही आधी बर्लिनला उतरलो.

आम्ही उतरलो, पण नमुन्यांची पेटी उतरली नाही. सामानाचा पट्टा रिकामा फिरू लागला, शेवटी थांबला, तरी बाबा त्याच्या तोंडाशी उभेच होते. युरोपातील विमानतळांवर सहा सेंटिमीटरपेक्षा लांब पात्याची कात्री हातसामानात नेता येत नाही, त्यामुळे एकूण एक नमुना त्याच पेटीत होता. दुपारी त्या व्यापाऱ्यासमोर बाबांनी वहीच्या पानावर कात्रीचा उभा छेद काढला आणि पात्याचा बाक किती, रिव्हेट कुठे, कडीचा कोन कसा, हे दोन्ही हातांच्या बोटांची पाती करून समजावले. व्यापाऱ्याने सगळे लक्षपूर्वक ऐकले आणि पेटी आली की कळवा, असे सांगितले.

पेटी न मिळाल्यास विमानतळाबाहेर पडण्यापूर्वीच काउंटरवर लेखी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. १९९९ च्या माँट्रियल करारानुसार उशिरा मिळालेल्या सामानाबद्दलचा दावा, सामान हाती आल्यापासून २१ दिवसांच्या आत लेखी करावा लागतो. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून भरपाईची कमाल मर्यादा प्रवाशामागे १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक असून त्याचा दर रोज बदलतो.

बुधवार : हाम, वुपरताल

बर्लिनहून पश्चिमेकडे जाणाऱ्या काही वेगवान गाड्या म्हणजे एकमेकींना जोडलेल्या दोन स्वतंत्र गाड्या असतात. हाम या स्थानकावर त्या सुट्या होतात. एक भाग डोर्टमुंड, एसेनमार्गे ड्युसेलडॉर्फकडे जातो, दुसरा हागेन, वुपरतालमार्गे कोलोनकडे. दोन्ही भाग चालू गाडीत आतून जोडलेले नसतात. हानोफरला गाडी थांबली तेव्हा पाय मोकळे करण्यासाठी बाबा फलाटावर उतरले, शिट्टी होताच समोर दिसलेल्या दारातून आत चढले आणि दुसऱ्या भागात जाऊन पोहोचले. त्यांचा मोबाइल ओव्हरकोटाच्या खिशात होता आणि ओव्हरकोट माझ्या शेजारच्या खुंटीवर. ते आपल्या जागेकडे परत यायला निघाले आणि डब्यामागून डबे ओलांडत चालकाच्या केबिनच्या बंद दारापर्यंत गेले. दाराच्या काचेतून त्यांना आमच्या भागाचे नाक दिसत होते, पण तिथवर जायला वाट नव्हती. मी मात्र ते भोजनयानात बसले आहेत, या समजुतीत होतो.

हामला दोन्ही भाग सुटे झाले. आमचा भाग हलला तेव्हा शेजारच्या गाडीच्या खिडकीत बाबा उभे असलेले मला दिसले. त्यांनीही मला पाहिले आणि दोन्ही हात वर करून काहीतरी विचारले. त्यांच्याजवळ तिकीट नव्हते, ते माझ्या मोबाइलमध्ये होते. आमच्या भागातील तिकीट तपासनीस बाईंनी दुसऱ्या भागातील सहकाऱ्याला फोन लावून बाबांचे वर्णन सांगितले: राखाडी सूट, निळा रेशमी टाय, ओव्हरकोट नाही. दोनच मिनिटांत उत्तर आले की गृहस्थ सापडले आहेत, त्यांना एका आजीबाईंनी सफरचंद दिले आहे आणि त्यांना वुपरतालला उतरवून मदतकक्षात बसवले जाईल. मी डोर्टमुंडला उतरून वुपरतालची साधी गाडी धरली.

वुपरतालला पोहोचलो तेव्हा बारीक पाऊस पडत होता आणि मदतकक्षात बाबा नव्हते. तेथील एका निवृत्त स्वयंसेवकाने त्यांना आपले जाड जाकीट घालून शहरातली लोंबकळती रेल्वे दाखवायला नेले होते. ही श्वेबेबान १९०१ साली सुरू झाली. तिचे डबे वरच्या रुळाला टांगलेले असतात, आणि १३ किलोमीटरहून थोड्या अधिक लांबीचा हा मार्ग बहुतांश वुपर नदीच्या पात्रावरून जातो. २१ जुलै १९५० रोजी एका सर्कशीने जाहिरातीसाठी टुफी नावाचे हत्तीचे पिल्लू या गाडीत चढवले. ते बिथरले आणि डब्याची भिंत फोडून खाली नदीत पडले, पण किरकोळ खरचटण्यापलीकडे त्याला काही झाले नाही. त्या उडीचे छायाचित्र कोणाला टिपता आले नव्हते. टपालपत्रांवर जे विकले जाते ते जुळवून केलेले चित्र आहे. बाबा परतले ते त्यातलेच एक टपालपत्र हातात घेऊन, आणि माझी चौकशी करण्याआधी त्यांनी मला टुफीची सगळी हकीकत ऐकवली. त्या दोघांचे इंग्रजी मिळून एका माणसाचे पुरे झाले नसते, तरी बाबांना टुफी आल्टर मार्क्ट आणि आडलरब्रुक या दोन थांब्यांच्या दरम्यान पडली, हेसुद्धा माहीत होते.

अशा गाड्यांच्या आरक्षणात डबा क्रमांक दिलेला असतो आणि कोणता भाग कुठे जाणार हे फलाटावरील फलकावर दाखवतात. बरोबरच्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये तिकिटाची प्रत असावी, ही खबरदारी आम्ही त्या दिवसापासून घेऊ लागलो.

गुरुवार : ड्युसेलडॉर्फ

आयातदाराने दहाची वेळ दिली होती आणि अकरानंतर कार्यालय बंद होईल, असेही कळवले होते. कारण लिहिलेले नव्हते. ऱ्हाईनकाठी ते लिहिण्याची कोणाला गरजच वाटत नसावी, कारण ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाआधी येणाऱ्या कार्निवलमधला हा बायकांचा गुरुवार होता. स्वागतकक्षातील बाई चेटकिणीच्या वेशात होत्या आणि हिशेबनीस बाई पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या मधमाशीच्या वेशात. मालक मात्र साध्या सुटात होते. त्यांचा टाय इतका विटलेला होता की बाबांनी मला हळूच विचारले, यांचा धंदा बरा चालला आहे ना?

नमुने नसल्यामुळे बोलणे माहितीपत्रकावरच चालले होते. पोलादाचा कडकपणा, पात्यांची मापे, पहिल्या खेपेची मुदत असे एकेक मुद्दे पुढे सरकत असताना अकरा वाजून अकरा मिनिटांनी दार उघडले आणि चेटकीण, मधमाशी व त्यांच्यामागे सात-आठ जणी आत शिरल्या. त्यांनी आधी मालकांचा टाय धरला, मग बाबांचा. या दिवशी समोर येईल त्या पुरुषाचा टाय कापण्याचा हक्क बायकांना असतो आणि बदल्यात गालावर एक पापा मिळतो. बाबांचा टाय खास भेटींसाठी राखून ठेवलेला होता. मधमाशीबाईंनी कात्री चालवली, पण रेशीम तुटेना. ते दोन पात्यांच्या मध्ये चेपले जाऊन दुमडले गेले. दुसऱ्यांदा चालवली, तरी तेच.

तोपर्यंत गोंधळून गेलेले बाबा तिथे एकदम शांत झाले. त्यांनी हात पुढे करून कात्री मागितली, उजेडासमोर धरली आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "स्क्रू ढिला आहे, पाती एकमेकांना सोडताहेत. यांना स्क्रू-ड्रायव्हर आणायला सांग." चांगल्या कात्रीची पाती किंचित बाक देऊन घडवलेली असतात. मिटताना ती एका वेळी एकाच बिंदूवर टेकतात आणि तो बिंदू बुडापासून टोकाकडे सरकत जातो. तिथे केसाएवढी फट राहिली तरी पातळ कापड कापले न जाता आत ओढले जाते. बाबांनी स्क्रू पाव फेरा आवळला, एक पाते उचलून सोडून पाहिले, ते आपोआप पूर्ण मिटले तेव्हा आणखी थोडा आवळला आणि पाते अर्ध्या वाटेत अडकून राहू लागल्यावर थांबले. मग टोकाने कागदी रुमालाची कड कापून पाहिली. समाधान झाल्यावर त्यांनी आपला टाय स्वतःच ताणून धरला. एकाच आवाजात रेशीम सरळ कापले गेले. खोलीत केवढा तरी जल्लोष झाला, बाबांच्या गालावर पापा मिळाला, आणि कानापर्यंत लाल झालेल्या बाबांनी दोन्ही हात जोडले.

त्यानंतर जे झाले ते मी कधीही विसरणार नाही. चेटकीणबाई आपल्या टेबलावरची कात्री घेऊन आल्या, मग दुसरी कोणी आली, मग गोदामातून खोकी कापायची मोठी कात्री आली. रस्त्यावर वाद्ये वाजत होती, शहरातल्या बायका प्रथेप्रमाणे नगरपालिकेवर चाल करून गेल्या होत्या, आणि इथे वेषधारी बायकांची रांग बाबांसमोर आपापली कात्री घेऊन उभी होती. अर्धा टाय गळ्यात घेऊन बाबा एकेक कात्री उघडून पाहत होते. कोणत्या कात्रीला स्क्रूने भागेल आणि कोणतीला नव्याने धार लागेल, ते बोटाने दाखवत होते. मालक भिंतीला टेकून हे सगळे पाहत होते. व्यवहाराचे बोलणे पुढच्या मंगळवारवर गेले आणि आम्हाला सगळ्यांबरोबर जुन्या शहरात नेण्यात आले. तिथे बाबा "हेलाऊ" ही आरोळी शिकले आणि संध्याकाळपर्यंत दिसेल त्याला ती देत राहिले.

शुक्रवार : झोलिंगेन

ट्रॉलीबस चालणारी जी थोडी शहरे जर्मनीत उरली आहेत, त्यांत झोलिंगेन एक. धार असलेल्या वस्तूंशी या शहराचे नाते इतके जुने आहे की "झोलिंगेन" या नावाला १९३८ पासून कायद्याचे संरक्षण आहे. निर्मितीचे मुख्य टप्पे या पट्ट्यात झाले असतील, तरच ते नाव पात्यावर कोरता येते. बसच्या खिडकीतून बाबा दुकानांच्या पाट्यांवर ते नाव वाचत होते.

कारखान्याचे मालक ऐंशीच्या घरातले होते. त्यांनी आम्हाला तळघरात नेले. झाकण काढताच बाबांनी यंत्रावर हात फिरवला, दगडाची मुठी फिरवून पाहिली आणि मान डोलावली. किंमतही ठरत आली होती. तेवढ्यात हे बाहेर कसे काढायचे, असे मी विचारले. वृद्ध गृहस्थ थांबले. यंत्र बसवल्यानंतर काही वर्षांनी इमारत वाढवली गेली होती आणि तळघराला नवी भिंत व नवे दार आले होते. बाबांनी टेप काढला, त्यांनीही आपला काढला. दोघांनी दार मोजले, मग यंत्र मोजले, मग एकमेकांच्या टेपने पुन्हा दोन्ही मोजले. दार हातभर लहान होते आणि यंत्राचा पाया अखंड बिडाचा होता. भिंत फोडण्याचा खर्च यंत्राच्या किमतीच्या वर जात होता.

यंत्र घेणे झाले नाही. मात्र बाक दिलेले पाते दगडाखाली पक्के धरून ठेवणारा त्यावरचा साचा बाबांना सर्वांत मोलाचा वाटला, आणि त्याची मापे उतरवून घेण्यास त्या गृहस्थांनी आनंदाने संमती दिली. दोन तास दोघे जमिनीवर बसून, कोणतीही सामाईक भाषा नसताना, कॅलिपर एकमेकांच्या हातात देत होते. मी वर त्यांच्या पत्नीला टेबल मांडायला मदत केली.

ते टेबल म्हणजे या डोंगराळ भागाची प्रसिद्ध बेर्गिश कॉफी-मेजवानी होती. तीन पायांच्या, तोटी असलेल्या उंच कथलाच्या भांड्यातून कॉफी, गरम वॉफलवर चेरी, काळा पाव, चीज आणि मनुका घातलेला गोड पाव. त्या गोड पावावर लोणी, त्यावर मध आणि त्यावर दालचिनी भुरभुरलेला दुधातला घट्ट भात घालून खायचे असते. पावावर भात पाहून बाबा क्षणभर थबकले, पण पहिल्या घासानंतर त्यांनी ताटली पुन्हा पुढे केली. मांसाहार न करणाऱ्यांसाठी या भागात याहून चांगले जेवण मला आढळले नाही. बऱ्याच ठिकाणी ते आधी सांगून ठेवावे लागते.

वापरलेले यंत्र भारतात आणण्यासाठी चार्टर्ड इंजिनिअरचा दाखला लागतो, हे आम्हाला माहीत होते. पण छायाचित्रांबरोबर दारांची, जिन्याची आणि वळणांची मापेही आधीच मागवावीत.

शनिवार आणि रविवार : झोलिंगेनचा परिसर

शनिवारी हेंड्रिक्स या जुन्या कात्री-कारखान्यात गेलो. १८८६ मध्ये सुरू झालेला हा कारखाना १९८६ मध्ये बंद पडला आणि होता तसा संग्रहालय म्हणून राखला गेला. कपडे बदलण्याची खोली, हात धुण्याच्या जागा, कामगारांची कपाटे, सारे जागेवर आहे. पट्ट्यांवर चालणारा घण साच्यात पडतो आणि तापलेल्या सळईतून कात्रीचे अर्धे अंग उमटते. बाबा तिथे कुंपणाशी उभे राहून एका घावानंतर दुसरा पाहत राहिले. प्रात्यक्षिक देणाऱ्या कारागिराच्या ते लक्षात आले, आणि त्याने छाटलेली, अजून कोमट असलेली एक सांगाडी कात्री बाबांच्या तळहातावर ठेवली. बाबांनी ती उलटी करून साच्याची शिवण कुठे राहिली आहे ते नखाने दाखवले. तो कारागीर मोठ्याने हसला आणि त्याने बाबांशी हात मिळवला. संपूर्ण प्रवासातला हा तास मला सर्वांत जवळचा वाटतो.

रविवारी जर्मनीत दुकाने बंद असतात, त्यामुळे खाण्याचे सामान शनिवारीच घेऊन ठेवावे. मोठ्या स्थानकांतील काही दुकाने तेवढी उघडी असतात. आम्ही म्युंगस्टेनचा पूल पाहायला गेलो. वुपरच्या दरीवरून १०७ मीटर उंचीवर जाणारा हा पोलादी पूल १८९७ चा असून तो जर्मनीतला सर्वांत उंच रेल्वे पूल आहे. त्यात नऊ लाखांहून अधिक रिव्हेट आहेत आणि त्यांतला एक सोन्याचा आहे, अशी दंतकथा आहे. दंतकथा असल्याचे सांगूनही बाबांनी झोंबऱ्या थंडीत मान वर करून बराच वेळ तो रिव्हेट शोधला.

सोमवार : कोलोन

पेटी एवढ्या दिवसांत बर्लिनच्या हॉटेलात पोहोचली होती आणि आम्ही तिथे नाही म्हणून परत पाठवली गेली होती. आता ती कोलोन-बॉन विमानतळावर आल्याचा निरोप मिळाला. आम्ही गेलो, सीमाशुल्क कक्षात एटीए कार्नेट (माल शुल्क न भरता तात्पुरता नेण्या-आणण्याचे कागदपत्र) दाखवून तिची नोंद करून घेतली आणि ड्युसेलडॉर्फची गाडी धरण्यासाठी कोलोनच्या मुख्य स्थानकावर आलो. स्थानकाच्या दाराबाहेरच कॅथीड्रल आहे. १२४८ मध्ये सुरू झालेले त्याचे बांधकाम १८८० मध्ये पूर्ण झाले आणि त्याचे मनोरे १५७ मीटर उंच आहेत. बाबांना ते पाहायचे होते, म्हणून पेटी घेऊनच बाहेर पडलो.

तो कार्निवलचा मुख्य सोमवार होता. १८२३ पासून निघणारी मिरवणूक, दुतर्फा लाखो माणसे आणि ठिकठिकाणी पोलीस. २०२४ च्या अखेरीपासून जर्मनीत सार्वजनिक उत्सवांत सुऱ्या बाळगण्यास बंदी आहे. अशा ठिकाणी एका तरुण पोलीस महिलेने आमची पेटी उघडायला लावली. वरचा कागद बाजूला होताच दहा-दहा इंची कात्र्यांच्या चकाकत्या ओळी उघड्या पडल्या. तिने सहकाऱ्याला बोलावले, त्याने आणखी दोघांना. मी कार्नेट काढून त्यातील वस्तूंची यादी, सीमाशुल्काचा त्याच दिवशीचा शिक्का आणि आयातदाराचे पत्र पुढे केले. बाबांनी पूर्ण गांभीर्याने खिशातून अर्धा टाय काढून दाखवला. पोलिसांच्या चेहऱ्यावरचा ताण तिथेच गेला. त्यांनी यादी ताडून पाहिली, पेटी चिकटपट्टीने चारही बाजूंनी बंद केली आणि ती न उघडता स्थानकात परत न्या, असे सांगितले.

पण मागे गर्दी इतकी दाटली होती की स्थानकाकडे जाता येईना. पहिला रथ जवळ आला तेव्हा बाबांनी गुरुवारी शिकलेली आरोळी पूर्ण आवाजात दिली: "हेलाऊ!" आजूबाजूचे सगळे एकदम वळले. ड्युसेलडॉर्फ आणि कोलोन यांची जुनी चुरस आहे आणि कोलोनची आरोळी "अलाफ" आहे. विदूषकाच्या वेशातील एका आजींनी बाबांचा दंड धरून त्यांच्याकडून "कोएले अलाफ" तीनदा म्हणवून घेतले आणि आपली छत्री उलटी करून त्यांच्या हातात दिली. रथांवरून मूठमूठ चॉकलेटे आणि फुलांचे छोटे गुच्छ फेकले जातात. ते झेलण्याची तीच रीत आहे. मिरवणूक ओसरेपर्यंत खिसे आणि माझ्या पाठीवरची पिशवी भरून गेली होती.

या आठवड्यात कोलोन, ड्युसेलडॉर्फ, बॉन या पट्ट्यात कामासाठी जाणाऱ्यांनी भेटी बुधवारी किंवा त्याआधी उरकाव्यात. सोमवार ही कायदेशीर सुट्टी नसली तरी बहुतेक कार्यालये बंद असतात.

मंगळवार : ड्युसेलडॉर्फ, परतीचा दिवस

पेटीच्या चिकटपट्ट्या आयातदाराच्या टेबलावर सोडवल्या. त्यांनी बाबांप्रमाणेच पाते उचलून सोडले आणि ते अर्ध्या वाटेत थांबलेले पाहून हसले. आठ आणि दहा इंची अशा दोन मापांची चाचणी-मागणी त्याच बैठकीत ठरली. पात्यावर आमचे नाव आणि देशाचे नाव राहील, हेही ठरले. त्यांना दोन नमुने ठेवून घ्यायचे होते, पण ते देता येणार नव्हते. कार्नेटवर शुल्क न भरता आणलेला माल आणला तसाच परत न्यावा लागतो, नाहीतर त्यावर शुल्क लागते. त्यामुळे तेथे ठेवायचे नमुने वेगळ्या बीजकावर पाठवणे सोयीचे. आम्ही ते कुरियरने पाठवण्याचे कबूल केले.

परतीचा शिक्का घेण्यासाठी पेटी विमान कंपनीकडे देण्यापूर्वी सीमाशुल्क कक्षात न्यावी लागते, म्हणून हाताशी तासभर जास्त ठेवावा. ड्युसेलडॉर्फ विमानतळावरील अधिकाऱ्याने यादीप्रमाणे एकेक कात्री मोजली. सकाळी बाबांनी रिकाम्या खाचांमध्ये चॉकलेटे भरली होती. ती त्याने बाजूला काढली, मोजणी जुळल्यावर शिक्का मारला आणि चॉकलेटे जागच्या जागी परत ठेवून पेटी बंद केली.